दुसरी प्रत

जून २०२४ मधील एक संध्याकाळ. कोपरगावातील एका व्यापारी घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली आणि घरातील सगळी माणसे बैठकीत एका कागदाभोवती बसली. तो कागद म्हणजे गावातील संगणकाच्या दुकानातून आणलेले कोटेशन होते. घरातील नात बारावी होऊन पुण्याला वाणिज्य शाखेत शिकायला निघाली होती, पुढे सीए होण्याचा तिचा निश्चय होता, आणि त्यासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. कंपनी ठरली होती, पडदा ठरला होता, प्रोसेसरही ठरला होता. प्रश्न उरला होता तो एकाच ओळीचा. साठवणीची एसएसडी २५६ जीबीची घ्यावी, ५१२ जीबीची घ्यावी की एक टीबीची? पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात चार हजारांचा फरक होता, दुसऱ्या आणि तिसऱ्यात साडेपाच हजारांचा.

धाकट्या भावाचे मत झटकन तयार झाले. "एक टीबीच घ्या. जास्त झाले म्हणून काय बिघडते?" वडिलांचे मत नेमके उलटे होते. "दोनशे छप्पन पुष्कळ झाले. बाकीचे सगळे हल्ली क्लाउडवर असते." नातीला मधला आकडा बरा वाटत होता, पण का, ते तिला सांगता येईना. दादाजी बराच वेळ कागद न्याहाळत होते. दुकानाचा व्यवहार मुलाकडे सोपवून त्यांना आठ-दहा वर्षे झाली होती. तरी घरात काही खरेदी निघाली की शेवटचा शब्द त्यांचाच असे.

"बेटा, यात तू ठेवणार काय?" त्यांनी विचारले.

"सगळेच, दादाजी."

"सगळे म्हणजे किती? गोदाम भाड्याने घ्यायचे तर आधी माल मोजतात. माल न मोजता भाडे ठरवणारा व्यापारी कोणी पाहिला आहे का?"

नात हसली. "तुमच्या परिग्रह-परिमाणाच्या वहीत जीबीचा रकाना आहे का?"

"नाही. पण मर्यादा घालायची तर आधी मोजावे लागते, एवढे त्या वहीने शिकवले आहे. आण कागद."

मोजणीला बसण्यापूर्वी दादाजींनी ही वस्तू आहे तरी कशी, ते समजून घेतले. त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती दुकानातील जुन्या संगणकाची हार्ड डिस्क, म्हणजे आत फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून सरकणारी बारीक सुई. त्या जातीची पहिली साठवण आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात ५० मोठ्या तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या, वजन एक टनाच्या वर होते, आणि एवढ्या अवाढव्य कपाटात मावत होती ती फक्त ५० लाख अक्षरे. आज मोबाइलने काढलेले एक छायाचित्र जवळजवळ तेवढीच जागा घेते.

एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही. तिच्यात अतिसूक्ष्म कप्पे असतात, त्या कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो आणि भाराच्या कमी-अधिक प्रमाणावरून माहिती वाचली जाते. हे तंत्र जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी विकसित केले. आज सर्वत्र वापरला जाणारा त्याचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. लॅपटॉपमधील ही पट्टी बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते, म्हणजे साधारण हाताच्या मधल्या बोटाएवढी. तबकडी नसल्यामुळे ती धक्क्याला घाबरत नाही, आवाज करत नाही, आणि संगणक काही क्षणांत सुरू होतो. पुण्याच्या बसमध्ये पाठीवरच्या पिशवीत वावरणाऱ्या यंत्राला एसएसडीच हवी, यावर घरात एकमत झाले.

मग दादाजींची नजर एका विसंगतीवर गेली. शेजारच्या मुलाचा ५१२ जीबीचा लॅपटॉप तेथेच उघडा होता आणि त्याच्या पडद्यावर एकूण क्षमता ४७६ जीबी दिसत होती. "हे मापात मारणे झाले," ते म्हणाले. नातीने समजावले की मापात कोणी मारलेले नाही. मापेच दोन आहेत. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीने मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीने मोजून नाव मात्र तेच देते. म्हणून विकत घेतलेले २५६ पडद्यावर सुमारे २३८ दिसतात, ५१२ चे ४७६ होतात आणि एक टीबीचे ९३१ जीबी. माल तितकाच, शेर बदलला की आकडा बदलतो.

दादाजींना हे पटायला वेळ लागला नाही. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नवे पैसे आले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि शाळा सुटल्यावर पेढीवर बसत. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. पाव पैसा कोणी कोणाला द्यायचा, यावर रोज गिऱ्हाइकांशी घोळ होई. त्यांच्या वडिलांनी तेव्हा सांगितले होते की रुपया तोच आहे, मोजणारा बदलला आहे. तेव्हा बोलण्याआधी कोणते माप चालले आहे ते विचारावे. नातीने कागदावर तीन आकडे खोडून त्यांच्या जागी २३८, ४७६ आणि ९३१ लिहिले. हिशेब आता एका मापात आला.

माल मोजायला सुरुवात झाली. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबीची साठवण असावी, अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे. प्रत्यक्षात ती प्रणाली, तिच्या वेळोवेळी येणाऱ्या सुधारणा आणि त्यांचा पसारा धरून ६० जीबी लिहिले. टॅली, ऑफिस आणि इतर कामाच्या प्रणालींसाठी २० लिहिले. पुस्तके, टिपणे, स्कॅन केलेले कागद यांना १० दिले. क्लासच्या तासांची चित्रफीत उतरवून ठेवायची तर तासाला सरासरी ०.७ जीबी, आणि एका वेळी १५० तास जवळ असावेत असे धरून १०५ झाले. मोबाइलमधील दहा हजार छायाचित्रे, प्रत्येकी चार एमबी, म्हणजे ४०. शेवटी वडिलांनी आठवण केली की सुट्टीत दुकानाचा हिशेब ती पाहणार असेल तर त्याचीही प्रत हवी. दुकानाच्या संगणकावर जाऊन पाहिले तेव्हा गेल्या सगळ्या वर्षांची कीर्द, खतावणी आणि ताळेबंद मिळून दोन जीबीसुद्धा भरले नाहीत. २ लिहिले.

बेरीज २३७ झाली.

२५६ च्या डिस्कवर दिसणारे २३८ आणि गरज २३७. वडील म्हणाले, "बसते की!" दादाजींनी मान हलवली. छतापर्यंत भरलेल्या गोदामात नवे पोते ठेवायचे तर आधी चार पोती बाहेर काढावी लागतात, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. एसएसडीचेही काहीसे असेच आहे. तिच्यातील एखादा कप्पा पुन्हा लिहिण्याआधी पुसावा लागतो, आणि पुसताना एकटा कप्पा पुसता येत नाही, कप्प्यांचा मोठा गट एकदम पुसावा लागतो. त्या गटात कामाचा मजकूर असेल तर तो आधी दुसरीकडे हलवावा लागतो. हलवायला मोकळी जागाच नसेल तर काम मंदावते आणि विनाकारण पुसापुशी वाढून डिस्कचे आयुष्यही झिजते. म्हणून निदान दहा ते वीस टक्के जागा रिकामी ठेवावी, असा जाणकारांचा सल्ला असतो. शिवाय लहान क्षमतेच्या डिस्कमध्ये बहुधा चिप कमी असतात, म्हणून तिचा वेगही अनेकदा कमी पडतो. ट्रक तोच, पण दोन हमालांनी उतरवला तर लागणारा वेळ आणि चौघांनी उतरवला तर लागणारा वेळ वेगळा असतो.

अशा रीतीने २५६ बाद झाले. उरले ५१२ आणि एक टीबी. पहिल्यात २३७ ठेवूनही निम्मी जागा मोकळी राहत होती. तरी धाकट्या भावाने आपला मुद्दा सोडला नाही. पुढे लागले तर? त्याचेही उत्तर कोटेशनवर होते. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मुख्य पाटीवरच डाग देऊन बसवलेली असते. ती पुढे बदलता येत नाही, आणि तेथे सुरुवातीलाच मोठी घेणे शहाणपणाचे असते. या लॅपटॉपमध्ये मात्र पट्टी स्क्रूने बसवलेली होती. तीन वर्षांनी गरज भासली तर ती काढून मोठी बसवता येणार होती. आज न लागणाऱ्या जागेसाठी आज साडेपाच हजार गुंतवण्याचे कारण उरले नाही.

येथे विषय संपला असे सगळ्यांना वाटले. नात कागद घडी करू लागली, तेव्हा दादाजींनी तिच्या हातात लाल पेन दिले.

"आता या यादीतले जे एकदा गेले तर पुन्हा मिळणार नाही, त्याच्याखाली रेघ ओढ."

तिने यादी पुन्हा वाचली. विंडोज पुन्हा घालता येते. प्रणाली पुन्हा उतरवता येतात. क्लासच्या चित्रफिती पुन्हा मिळतात. तिने रेघा ओढल्या त्या तीनच नोंदींखाली, तिची स्वतःची टिपणे व कागद १०, छायाचित्रे ४० आणि दुकानाचा हिशेब २. एकूण ५२. यादीतील सर्वांत मोठा आकडा, १०५, रेघेविना राहिला. आणि सर्वांत लहान आकड्याखालची रेघ दादाजींनी स्वतः पेन घेऊन दुहेरी केली.

"याची दुसरी प्रत कोठे आहे?"

दुहेरी रेघेचे कारण नातीला ठाऊक नव्हते. ती घटना २०१३ सालची. तेव्हा ती लहान होती.

घराण्याचे दुकान मोटारपंप, पाइप आणि सिंचनाच्या सामानाचे. कोपरगाव तालुक्याची शेती गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांवर आणि विहिरींवर उभी आहे, आणि तिचा पैसा उसाच्या बिलाबरोबर हलतो. कालव्याला आवर्तन सुटायच्या दिवसांत शेतकरी मोटार नेतो आणि कारखान्याचे बिल झाले की पैसे देतो. ही उधारी कागदावर कमी आणि शब्दावर अधिक चालत आली. काही वर्षांपासून लाल चोपड्या बंद होऊन हिशेब टॅलीत गेला होता. टॅलीचा जन्मही अशाच गरजेतून झालेला आहे. बंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाचा हिशेब ठेवण्याजोगी प्रणाली बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी ती आपले पुत्र भरत यांच्याकडून लिहवून घेतली आणि १९८६ मध्ये त्यांच्या कंपनीची सुरुवात झाली. कोपरगावच्या या दुकानातही मुनीमजी हळूहळू कळफलकाला सरावले होते. दर शनिवारी ते न चुकता बॅकअपही घेत.

मे महिन्यात एके दिवशी संगणकातून टक्-टक् असा आवाज येऊ लागला आणि दुपारपर्यंत तो सुरूच होईना. दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क काढून पाहिली. आतील सुई तबकडीला घासली होती. बॅकअप आहे, म्हणून सगळे निश्चिंत होते. आणि मग कळले की मुनीमजी दर शनिवारी बॅकअप घेत होते तो त्याच डिस्कच्या डी नावाच्या भागात. एका पेटीत दोन कप्पे केले होते, आणि पेटीच जळाली होती.

मुनीमजींनी दोन महिने बसून हिशेब कागदांवरून पुन्हा उभा केला. विक्रीच्या बिलांच्या दुसऱ्या प्रती फाइलमध्ये होत्या, त्यामुळे नावे बाजू जवळजवळ पूर्ण मिळाली. जमेचे मात्र तसे नव्हते. रोख आली की ती थेट संगणकात जमा होई आणि पावती गिऱ्हाइकाच्या हातात जाई. म्हणजे लोकांकडून येणे किती, ते उरले. लोकांनी दिले किती, ते पुसले गेले. बहुतेक गिऱ्हाइकांनी आपापल्या पावत्या आणून दाखवल्या. पोहेगावकडील एका शेतकऱ्याकडे पावती नव्हती. त्याच्या नावे १८,४०० रुपये दिसत होते.

"दिले व्हते, शेठ. चैतात दिले व्हते," तो म्हणाला. दुकानात चार माणसे होती. दादाजींनी आवाज चढवला नाही, अविश्वासही दाखवला नाही. त्यांनी फक्त वही त्याच्यासमोर फिरवली. शेतकऱ्याने वहीकडे पाहिले आणि तो निघून गेला. पुढच्या उसाच्या बिलानंतर तो आला आणि त्याने १८,४०० रुपये मोजून ठेवले. एक शब्द बोलला नाही. त्यानंतर त्याची मोटार, त्याचे पाइप, काहीच या दुकानातून गेले नाही.

दोन वर्षांनी प्राप्तिकराच्या कामासाठी जुनी फाइल काढली, तेव्हा बँकेत रोख भरल्याच्या एका स्लिपेच्या मागे मुनीमजींच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेली चार नावे आणि चार रकमा सापडल्या. स्लिप २०१३ च्या एप्रिलमधली होती. दुसरी रक्कम १८,४०० होती.

दादाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारच्या उन्हातच ते मुलाला घेऊन पोहेगावच्या वाटेला लागले. शेतकरी बांधावर भेटला. त्यांनी पाकीट पुढे केले, त्यात मुद्दल होते आणि दोन वर्षांचे व्याज. शेतकऱ्याने मुद्दल घेतले, व्याज परत केले, आणि घरातून पाणी आणवले. "व्याज कशाचं, शेठ? चूक मशीनची व्हती." दादाजींनी हात जोडले आणि सांगितले की चूक मशीनची नव्हती, पाटील. परतीच्या वाटेवर ते मुलाला एवढेच म्हणाले की आपण दोन वर्षे न दिलेले धन घरात ठेवले. आणि आपल्याला ते ठाऊक नव्हते, ही सबब ज्याने दोनदा पैसे मोजले त्याच्यासमोर उभी राहत नाही.

नात ही हकिकत पहिल्यांदा ऐकत होती. वडील मान खाली घालून बसले होते. क्लाउडचा मुद्दा त्यांनीच पुन्हा काढला, पण आता वेगळ्या सुरात. गूगलकडून १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. दुकानाच्या दोन जीबींसाठी ती पुरेशी होती. त्यात धोका होता तो वेगळाच. अनेक ठिकाणी क्लाउड म्हणजे संगणकाशी जुळवून ठेवलेली जागा असते. इकडे चुकून पुसले की तिकडेही पुसले जाते. काही दिवस ते परत मिळते, पुढे मिळत नाही. म्हणून क्लाउड असावे, पण केवळ त्याच्यावर भिस्त नसावी. शिवाय वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाचे कागद वार्षिक विवरण दाखल करण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. लॅपटॉपचे आयुष्य बहुधा तेवढेही नसते.

खरे तर दुसरी प्रत हा विचार या समाजाला संगणकाने शिकवलेला नाही. कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके सांभाळलेली होती. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन मिळे. वाचन आणि अध्ययन मात्र होत नसे. ताडपत्र कितीही जपले तरी नाशवंत, आणि एका ठिकाणच्या ठेव्याला एकच आग किंवा एकच वाळवी पुरते. १९ व्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद या व्यापाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घेतली आणि ताडपत्रांची नक्कल करून घेण्याचे काम सुरू करवले. ते काम वर्षानुवर्षे चालले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून धवला छापून प्रसिद्ध होऊ लागली आणि १६ खंडांत ती पूर्ण झाली. ज्या ग्रंथाचे लोक केवळ दर्शन घेत, तो आज कोणत्याही ग्रंथालयात उघडून वाचता येतो. मूळ ताडपत्रांची थोरवी त्यामुळे कमी झाली नाही. त्यांच्यावरचा भार तेवढा हलका झाला.

त्या सेठांनी मूडबिद्रीला आणखी मोठी पेटी करून दिली असती, तर ताडपत्रे अधिक ऐसपैस राहिली असती, सुरक्षित झाली नसती. नातीच्या कागदावरचा प्रश्नही त्याच जातीचा होता. एक टीबीची डिस्क घेतली असती तर २३७ ऐवजी ४०० जीबी माल तिच्यात मावला असता. पण बिघाड झाला असता तर ४०० जीबी एकदम गेले असते. क्षमता ठरते ती ज्याची फारशी किंमत नाही अशा जड मालावरून, आणि जे खरोखर मोलाचे असते ते बहुधा दोन जीबीत मावते. त्या दोन जीबींना मोठी जागा नको असते, दुसरी जागा हवी असते.

दुसऱ्या दिवशी ५१२ चा लॅपटॉप घेतला. एक टीबी न घेतल्याने वाचलेल्या साडेपाच हजारांत जोडून लावायची एक बाह्य हार्ड डिस्क आली. येथे धाकट्या भावाने शहाणा प्रश्न विचारला की बाह्य डिस्कही एसएसडीच का घेऊ नये, ती तर अधिक मजबूत. रोज हाताळायची असती तर तेच बरे होते. पण कपाटात ठेवून द्यायच्या वस्तूचा नियम वेगळा आहे. एसएसडीच्या कप्प्यांत कोंडलेला विजेचा भार वीज न मिळता पडून राहिला तर हळूहळू गळतो. वापराची नेमून दिलेली मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअस तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची अपेक्षा आहे. नवी डिस्क याहून पुष्कळ अधिक टिकते. तरी अहिल्यानगर जिल्ह्याचा उन्हाळा तीस अंशांवर थांबत नाही. फिरत्या तबकडीवरील चुंबकीय नोंदीला असा विजेचा आधार लागत नाही, आणि तीच जागा ती स्वस्तात देते. पडली तर मात्र फुटते. म्हणून ती लोकरी शालीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळली गेली.

ती ठेवायची कोठे, यावरही विचार झाला. लॅपटॉपच्या पिशवीत नाही, कारण पिशवी हरवली तर दोन्ही जातील. दुकानात नाही, कारण मूळ हिशेब तेथेच आहे. घर आणि दुकान दोन्ही कोपरगावात, आणि गोदावरीला पूर आला की गावाच्या सखल भागात पाणी शिरते. दादाजींची मुलगी येवल्याला दिलेली होती. तिच्या घरची लोखंडी तिजोरी भक्कम होती आणि येणे-जाणे नेहमीचे होते. डिस्कवर कागदी पट्टी चिकटवून नातीने तारीख लिहिली आणि पुढच्या शनिवारी ती येवल्याला भुआकडे पोहोचली. रोजच्या हिशेबाची प्रत क्लाउडवर, तिमाहीची प्रत या डिस्कवर आणि मूळ दुकानात, अशी वाटणी ठरली.

त्या वर्षी दिवाळीला नात पुण्याहून आली. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, घरातील ग्रंथ वेष्टनातून काढून पुसण्याचा, उन्हे दाखवण्याचा आणि पुन्हा बांधून ठेवण्याचा प्रघात होता. तीच लाभपंचमी, दुकानाचा नव्या वर्षाचा मुहूर्तही त्याच दिवशी. भुआ सणाला येताना शालीत गुंडाळलेली डिस्क पिशवीतून घेऊन आली होती. ग्रंथांच्या शेजारी तीही चौरंगावर ठेवली गेली.

"उघडून पाहा," दादाजी म्हणाले. "नुसती आहे म्हणून चालत नाही. मुनीमजींचा बॅकअपही होताच."

नातीने डिस्क दुकानाच्या संगणकाला न लावता आपल्या लॅपटॉपला लावली, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर ती उघडते की नाही ते कळावे. दोन जीबी उतरायला फार वेळ लागला नाही. टॅली उघडली, वर्षांची यादी आली. कोणते खाते उघडून पाहू, असे तिने विचारले. दादाजींनी पोहेगावच्या शेतकऱ्याचे नाव सांगितले आणि साल सांगितले.

खाते उघडले. जमेच्या बाजूला १८,४००, आणि पुढे मुनीमजींनी दोन वर्षांनी स्लिप सापडल्यावर लिहिलेली टीप होती, 'रक्कम दोनदा आली होती, समक्ष परत केली.' नातीने ती ओळ मोठ्याने वाचली. दादाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि ओळ स्वतः एकदा वाचली.

मग त्यांनी कागदी पट्टीवरच्या जुन्या तारखेखाली नवी तारीख लिहायला सांगितली, आणि डिस्क शालीत बांधून भुआच्या पिशवीत ठेवली.